पगार एकच, गावं दोन : एका पाळक कुटुंबाच्या घरभाड्याचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायाचं, आणि तिच्या पाळकाचं, म्हणजे धर्मगुरूचं आहे. मंडळीचं, धर्मप्रांताचं (अशा अनेक मंडळ्यांवरची मध्यवर्ती संस्था) आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून रकमा थोड्या बदलून गोल केल्या आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच ठेवलं आहे. मी या मंडळीचा सभासद. बँकेतून निवृत्त झाल्यामुळे आकडे मांडायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं, म्हणून कागद जवळून पाहता आले.

पार्श्वभूमी

मंडळीत साधारण २१० कुटुंबं. एके काळी बहुतेक सगळी कॅम्प, नाना पेठ, रास्ता पेठ या भागात, चर्चपासून पायी अंतरावर राहायची. भाडी वाढली, वाडे पडले, मुलांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले आणि मंडळी वडगाव शेरी, हडपसर, खडकी, पिंपरीपर्यंत पांगली. चर्च मात्र जागच्या जागी आहे. चर्चच्या मागे पाळकगृह : इंग्रजांच्या काळातली कौलारू बंगली, पुढे ओटा, बाजूला चिंच.

या धर्मप्रांतात पाळकाचा पगार मंडळी देत नाही, धर्मप्रांत देतो. प्रत्येक मंडळीने आपल्या जमेतला ठरलेला हिस्सा मध्यवर्ती पगार निधीत भरायचा आणि त्या निधीतून सगळ्या पाळकांना एकाच श्रेणीने पगार मिळायचा. शहरातल्या मंडळ्या जास्त भरतात, खेड्यातल्या कमी. मिशनचा परदेशी पैसा आटल्यावर खेड्यातल्या मंडळ्यांना स्वतःचा पाळक परवडेना, तेव्हा ही पद्धत बसली. तिच्यामागचा विचार सरळ आहे. पाळक खेड्यात गेला म्हणून त्याचं नुकसान होऊ नये आणि पुण्यात आला म्हणून त्याचं फावू नये. मला ही पद्धत आजही न्याय्य वाटते. पुढची भानगड त्या न्यायातूनच उपजली, एवढंच.

कॅथलिक फादरांचं गणित वेगळं असतं. ते अविवाहित, राहणं-जेवण चर्चच्याच आवारात. प्रोटेस्टंट पाळकाला बायको, मुलं, त्यांच्या शाळा, गावी म्हातारे आईवडील आणि दर चार-पाच वर्षांनी बदली असते. बदलीबरोबर संसार उचलावा लागतो आणि बायकोची नोकरी मागे राहते.

जून २०२२ मध्ये आमच्याकडे नवे पाळक आले. वय चाळिशीच्या आतबाहेर, बायको, दोन मुलं. आधीची नेमणूक सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. ते यायच्या महिनाभर आधी बंगलीच्या मागच्या खोलीचा वासा खाली आला. संरचना तपासणी करून घेतली तर अहवाल आला : राहण्यास धोकादायक. म्हणून कुटुंब थेट वडगाव शेरीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये उतरलं. पाळकगृह नसेल तिथे धर्मप्रांताच्या नियमात घरभाडे भत्ता आहे : सरसकट ४,००० रुपये. हा आकडा बरीच वर्षं हललेला नव्हता. त्यावर आमच्या कमिटीने ‘तात्पुरती मदत’ म्हणून महिन्याला ५,००० द्यायचं ठरवलं. सहा महिन्यांत बंगली दुरुस्त होईल, अशी सगळ्यांची समजूत होती.

अडचण कशी बाहेर आली

पगार पुरत नाही असं पाळकसाहेब एकदाही म्हणाले नाहीत. तक्रार आली ती सभासदांकडून, आणि विषय पैशाचा नव्हताच. दीड वर्षाने, २०२३ च्या नाताळनंतरच्या सभेत एक मावशी उठून म्हणाल्या, “पाळकसाहेब आता घरी येत नाहीत. फोनवर प्रार्थना करतात. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही फोनच.” दुसऱ्या एकाने जास्त टोचेल असं सांगितलं : बिल्डरच्या घरभरणीला साहेब तीन तास होते, आमच्याकडे पंधरा मिनिटं.

या दुसऱ्या वाक्यात काय दडलं होतं, ते सभेतल्या प्रत्येकाला कळलं. लग्न, घरभरणी, बाप्तिस्मा, स्मरणसभा झाली की पाळकाच्या हातात पाकीट ठेवायची रीत आहे. कोणी १०१ ठेवतं, कोणी ५,००१. तोवर त्याचा कोणी हिशेब केला नव्हता. आता मंडळीतले लोक मनातल्या मनात तो करू लागले होते. पाळकाच्या नावाला यापेक्षा वाईट काही नाही, आणि तो बोलून खुलासाही करू शकत नाही.

सचिवांनी आणि मी घरी जाऊन भेटायचं ठरवलं. दार उघडताच साहेब “सलाम, या” म्हणाले आणि खुर्च्या आणायला शेजारी गेले. घरात दोनच होत्या. पाळकीणबाईंनी चहा ठेवला. सचिवांनी आडवळणाने विषय काढला, तेव्हा बाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “दादा, सरळ विचारा ना. खर्च भागतो का, असंच ना?” आणि मुलाच्या शाळेची जुनी चौरेघी वही आणून समोर ठेवली. महिन्याला एक पान. गहू, तेल, व्हॅन, आईच्या गोळ्या, पेट्रोल. जमेच्या बाजूला पगाराखाली बारीक अक्षरात एकेक पाकीट लिहिलेलं : ‘लग्न ५०१’, ‘स्मरणसभा २५१’, ‘बारसं, साडी’. साडीपुढे रकमेच्या जागी नुसती रेघ.

साहेब वहीकडे बघत नव्हते. एवढंच म्हणाले, “पेट्रोल वाचवायला भेटी कमी केल्या. तुम्हाला सांगायला हवं होतं, पण सांगणार कसं?”

आकडे मांडल्यावर

बाईंनी आधीच्या गावचीही वही जपून ठेवली होती, म्हणून दोन्ही ठिकाणचा महिना शेजारी शेजारी मांडता आला.

तालुक्याच्या गावी हातात येणारा पगार १९,५००. पाळकगृह चार खोल्यांचं, भाडं नाही. बाई तिथल्या बालवाडीत शिकवायच्या, त्याचे ५,०००. एकूण २४,५००. खर्च : स्वयंपाकघर ८,०००, शाळा ९००, पेट्रोल १,५००, वीज-फोन १,३००, आईची औषधं १,८००, गावाकडे भावाला २,०००, कपडे-पाहुणे वगैरे २,५००. बेरीज १८,०००. महिन्याला साडेसहा हजार शिल्लक.

पुण्यात पगार तोच १९,५००, भत्ता ४,०००, मंडळीची मदत ५,०००. एकूण २८,५००. खर्च : भाडं १५,५००, स्वयंपाकघर ११,०००, शाळा आणि व्हॅन ४,२००, पेट्रोल ३,५००, वीज-फोन १,८००, औषधं १,८००, बाकी १,७००. बेरीज ३९,५००. भावाला पाठवणं बंद झालेलं. तरी महिन्याला ११,००० ची तूट. तीतले चारेक हजार पाकिटांतून निघायचे. उरलेले आधी साठवणुकीतून गेले, मग बाईंच्या पाटल्या सोनेतारण कर्जाला गेल्या. फ्लॅटचं ५०,००० डिपॉझिटही त्यांनीच भरलं होतं. कमिटीत तो विषय कोणी काढलाच नव्हता.

म्हणजे जमा चार हजारांनी वाढली होती आणि खर्च साडेएकवीस हजारांनी. त्या साडेएकवीसमध्ये साडेपंधरा एकट्या घराचे. कमिटीतले बरेचजण ‘पुणं महाग’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे भाजी, दूध, पेट्रोल येतं. या वह्यांत ती सगळी वाढ मिळून घराच्या निम्मीही नव्हती. पाळकाचा पगार दोन्ही गावांत एकच असो की वेगवेगळा, त्यातला सगळ्यात मोठा वाटा पगारपत्रकावर लिहिलेलाच नसतो. तो वाटा म्हणजे पाळकगृह. बंगलीचा वासा पडला त्या दिवशी या कुटुंबाच्या पगारात जवळपास निम्म्याने कपात झाली होती, पण तसं कोणत्याच कागदावर आलं नाही.

जुन्या गावच्या वहीतली आणखी एक गोष्ट. सुगीनंतर तिथले सभासद ज्वारी आणून टाकायचे, कोणी हरभरा, कोणी आठवड्याची अंडी. याचं मोल वहीत नव्हतं, म्हणून आठ हजारांत घर चालायचं. पुण्यातही कापणीचा सण होतो, पण तो वेगळा. वेदीपुढे रचलेला भोपळा लिलावात तीन हजारांना जातो, तो घेणारा पुन्हा दान करतो आणि तोच भोपळा पुन्हा दोन हजारांना जातो. सगळी रक्कम मंडळीच्या खात्यात. मजा येते, निधी जमतो. पाळकाच्या घरात भोपळाही जात नाही.

समोर आलेले पर्याय

फेब्रुवारी २०२४ मध्ये कमिटीच्या दोन लांब बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत सुचलेले बहुतेक उपाय खर्च पाळकाच्याच अंगावर ठेवून तो कमी कसा होईल हे पाहणारे होते.

एकाने सुचवलं, उरुळी कांचनला घर घ्यावं. पुणे-दौंड मार्गावर आहे, भाडं निम्मं. यावर चर्चा लवकर संपली. रात्री दोनला ससूनमधून फोन येतो तेव्हा पाळक तीस किलोमीटरवर असून चालत नाही.

दुसरा पर्याय ‘तंबू शिवण्याचा’. बायबलमधला प्रेषित पौल तंबू शिवून, स्वतःच्या हातांनी काम करून पोट भरायचा, हा दाखला आमच्याकडे नेहमी निघतो. साहेबांनी अर्धवेळ शिकवावं, भाषांतरं करावीत. पण तो पूर्णवेळ सेवेसाठी नेमलेला माणूस आहे, आणि सभासदांची मूळ तक्रार तर तो भेटायला येत नाही ही होती. त्याचा आणखी वेळ काढून घेऊन ती कशी मिटणार?

याच बैठकीत एका ज्येष्ठांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घेतलं. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं वेतन सोडून संन्यस्त वृत्ती धरली. आजचे पाळक भत्ते मोजतात, असं ते म्हणाले. खोलीत शांतता झाली. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई बोलल्या, “टिळकांनी स्वतः सोडलं, दादा. कमिटीने ठराव करून सोडायला नाही लावलं.” मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, म्हणजे राबणाऱ्याला त्याच्या कामातून पोटाला मिळावं, हे बायबलचं वचनही मग निघालं. माझ्या मते बैठकीचा रोख इथे बदलला. तोवर पाळकाने कसं भागवावं याची चर्चा चालली होती, त्यानंतर मंडळीने काय द्यायचं याची सुरू झाली.

तिसरा पर्याय सगळ्यांना पहिल्या झटक्यात आवडला : आपल्याकडे पैसे आहेत, आपणच पगारावर दरमहा पंधरा हजार वाढवून देऊ. धर्मप्रांताच्या कचेरीतून याला स्पष्ट नकार आला. मला तो पटला. एका मंडळीने वरचा पगार सुरू केला की पुण्याची बदली हे बक्षीस होतं. मग ती मिळवण्यासाठी वशिले लागतात, आणि वर्षभरात कोणीतरी म्हणतं की आम्ही आमच्या पाळकाला देतो तेवढे पगार निधीतून वजा करा. खेड्यातल्या पाळकाचा पगार त्या निधीतूनच येतो.

चौथा, बंगली दुरुस्त करण्याचा. अंदाजपत्रक २८ लाखांचं. मालमत्ता वेगळ्या न्यासाच्या नावावर असल्याने मंजुऱ्यांना वेळ लागणार. आवाराचा रस्त्याकडचा तुकडा भाडेपट्ट्याने देऊन पैसा उभा करावा, अशीही सूचना आली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. दुरुस्ती करायची हे ठरलं, पण चालू महिन्याच्या भाड्याला तिचा उपयोग नव्हता.

पाचवा पर्याय धर्मप्रांताचा नियमच बदलून घेण्याचा. केंद्र सरकार शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग करून घरभाडे भत्ता देतं. पुणे एक्समध्ये, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर वायमध्ये, तालुक्याची गावं झेडमध्ये. जानेवारी २०२४ पासून दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. हा तक्ता उचलावा असं बहुतेकांचं मत होतं. मी कागदावर करून दाखवलं : पाळकाचं मूळ वेतन १५,००० धरलं तर तीस टक्के म्हणजे ४,५००. आजच्या भत्त्यापेक्षा पाचशे जास्त! मूळ वेतनच लहान असेल तर टक्केवारीने घर मिळत नाही. वर्गवारीची कल्पना घेण्यासारखी होती, टक्के नव्हते.

कोणीतरी निर्देशांकाचंही सुचवलं. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्रवार निघतो, पुण्याचा आणि सोलापूरचा वेगळा. त्यांतल्या फरकाने भत्ता द्यावा. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. पण तो निर्देशांक प्रत्येक केंद्रात २०१६ च्या किमती १०० धरून त्याच केंद्रात पुढे किती वाढ झाली ते सांगतो. पुणं सोलापूरपेक्षा किती महाग, हे त्यातून निघत नाही. सोलापूरचा आकडा पुण्यापेक्षा मोठा दिसला तर त्याचा अर्थ सोलापुरात राहणं महाग असा होत नाही. महागाई भत्ता ठरवायला तो योग्य, दोन गावं तोलायला नाही.

ठरलं काय

दुसऱ्या बैठकीत एक वाक्य ठरावात लिहिलं गेलं आणि बाकीचं सगळं त्यातून निघालं : पाळकाला राहायला घर देणं ही मंडळीची जबाबदारी आहे, तो पाळकाच्या पगाराचा भाग नाही. पगार सगळीकडे एकच राहील. घर तिथल्या भावाने मिळेल.

याचा व्यवहारी अर्थ असा की भाडेकरार पाळकाच्या नावाने न करता मंडळीच्या न्यासाच्या नावाने करायचा, भाडं मंडळीने थेट मालकाला द्यायचं, डिपॉझिट मंडळीने भरायचं. धर्मप्रांताचा ४,००० चा भत्ता आणि ५,००० ची मदत दोन्ही बंद. पाळकाच्या हातात जास्तीचा रुपया येत नाही, त्यामुळे श्रेणी मोडल्याचा आक्षेप उरत नाही. पगार निधीतला हिस्सा एका पैशानेही कमी करायचा नाही, हे मुद्दाम लिहिलं.

पैसा कुठून? भाड्याचे वर्षाला १,८६,०००. प्रत्येक कुटुंबाने महिन्याला १०० रुपये ‘घरनिधी’ द्यावा असं आवाहन झालं. नियमित देणारी ११० च्या आसपास निघाली, म्हणजे १,३२,०००. उरलेले कापणीच्या सणाच्या जमेतून. तोवर ती जमा ‘इतर उपक्रम’ या नावाखाली जायची. आदल्या वर्षी त्या उपक्रमांत चर्चमधला मोठा एलईडी स्क्रीन आला होता.

पेट्रोलसाठी भेटींची नोंदवही आणि महिन्याला ३,५०० पर्यंत प्रत्यक्ष खर्चाची भरपाई.

पाकिटांचा विषय सगळ्यात अवघड गेला. पहिला प्रस्ताव होता की सगळी पाकिटं दानपेटीत जावीत. साहेबांनी पहिल्यांदाच स्पष्ट विरोध केला : लोक प्रेमाने देतात, ते त्यांच्यासमोर पेटीत टाकणं हा त्यांचा अपमान होईल. तडजोड अशी निघाली. लग्नाची आणि हॉलची फी ठरलेली, पावती मंडळीची, त्यातून पाळकाचं मानधन महिन्याच्या शेवटी. आजारपण, मृत्यू, स्मरणसभा यांत पाकीट अजिबात नाही. बाकी आनंदाच्या प्रसंगांचं ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

अंमलबजावणीत नडलं ते भलतंच. फ्लॅटचा मालक करार न्यासाच्या नावाने करायला तयार होईना. चर्चच्या नावाने घर दिलं तर उद्या तिथे प्रार्थना सुरू होतील, लोकांची ये-जा वाढेल. सोसायटीच्या चेअरमननी तर विचारलंच, “रोज भजनं होणार का?” अखेर करारात ‘फक्त निवासासाठी’ ही अट घातली, सचिव आणि खजिनदार दोघांनी नोंदणीला जाऊन अंगठे दिले, आणि मालकाने भाडं हजाराने वाढवून घेतलं. ते साडेसोळा हजारांवर गेलं.

परिणाम

सहा महिन्यांत कुटुंबाची तूट मिटली. हिशेब करून बघितला : हातात १९,५०० आणि सरासरी दीड हजार मानधन, भाडं आणि पेट्रोल वगळून खर्च २०,५००. हातातोंडाशी गाठ पडली, एवढंच म्हणता येईल. शिल्लक पाचशे. पाटल्या सुटल्या त्या डिपॉझिटचे ५०,००० परत मिळाले म्हणून. बाईंना पुढच्या जूनपासून एका शाळेत शिशुवर्गावर नोकरी लागली, ती त्यांच्या स्वतःच्या प्रयत्नाने. कमिटीने शब्द टाकू का विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या : चर्चच्या ओळखीने मिळालेली नोकरी बदलीबरोबर जाते.

भेटी सुरू झाल्या. नोंदवहीचा एक तोटा मात्र दिसला. ती कमिटीपुढे येते म्हटल्यावर भेटींची संख्या वाढली आणि प्रत्येक भेटीचा वेळ घटला. वर्षभराने वहीतला सभासदांच्या नावांचा रकाना काढून फक्त भाग आणि किलोमीटर ठेवले.

धर्मप्रांताच्या परिषदेत आमचा ठराव गेला तो तसाच मंजूर झाला नाही, आणि विरोध आला खेड्यांतून. आम्हाला वाटलं होतं, खेड्यातल्या पाळकांचं यात काही जात नाही. एक पाळक उठले आणि म्हणाले, “तुम्ही पुण्याच्या भाड्याला नियम करता. माझ्या पाळकगृहाचं छत चार पावसाळे गळतंय, त्याला नियम कोणता?” दुसऱ्यांनी ज्वारीचा विषय काढला. त्यांच्या भागात पाणी आल्यावर शेतकरी उसाकडे गेले. ऊस कारखान्याला जातो, पाळकाच्या घरी कोणी मोळी आणून टाकत नाही. घरात येणारं धान्य बंद झालं आणि पगार मात्र ते येतं असं धरूनच ठरलेला. आमच्या तुलनेच्या तक्त्यात ‘गाव स्वस्त’ हे जे गृहीत होतं, ते दहा वर्षांपूर्वीचं गाव होतं.

शेवटी तीन वर्गांचा नियम झाला, पण दुहेरी : जिथे पाळकगृह नाही तिथे वर्गाप्रमाणे कमाल मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष भाडं मंडळीने द्यायचं, आणि जिथे आहे तिथे दरवर्षी पावसाळ्याआधी पाहणी व दुरुस्तीसाठी मध्यवर्ती निधीतून ठरलेली रक्कम. एक्स वर्गाची मर्यादा १५,०००. म्हणजे आमच्या भाड्यापेक्षा कमी. वरचे मंडळी देते आणि कचेरी तिकडे काणाडोळा करते.

वेगळं काय करता आलं असतं

बदलीचं पत्र निघण्याआधी घराची पाहणी व्हायला हवी होती. वासा पडला तेव्हा पाळक यायला महिना बाकी होता. बदली तीन महिने पुढे ढकलणं शक्य होतं, कोणी विचारलंच नाही. ‘सहा महिन्यांत दुरुस्ती’ या समजुतीवर दिलेली मदत दीड वर्ष चालली. तात्पुरत्या मदतीला संपण्याची तारीख आणि त्या तारखेला फेरविचार लिहून ठेवला असता, तर विषय मावशींच्या गुडघ्यापर्यंत थांबला नसता.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. बाईंची वही नऊ माणसांनी हाताळली. आईच्या गोळ्या किती रुपयांच्या आणि साडी कोणी दिली, हे कमिटीला कळायची काहीच गरज नव्हती. त्या भागातल्या चौघांच्या कुटुंबाचा नमुना महिना आम्ही स्वतः मांडू शकलो असतो. कमिटीतले निम्मे लोक तिथेच राहतात. भाड्याचे भाव दलालाला फोन करून कळतात. पाळकाला स्वतःची गरिबी सिद्ध करायला लावायची, मग त्याला मदत मंजूर करायची, ही रीत अजून बऱ्याच मंडळ्यांत आहे.

निवृत्तीचा मुद्दा आम्ही हातच लावला नाही. आयुष्यभर पाळकगृहात किंवा मंडळीच्या भाड्याच्या घरात राहिलेला माणूस साठीनंतर कुठे जाणार? सरकारी नोकर भत्ता घेतो, तो घालून कर्जाचे हप्ते फेडतो आणि निवृत्त होताना घर त्याचं असतं. आमच्या व्यवस्थेत भाडं मालकाला जातं, पाळकाच्या नावावर वीटही चढत नाही. भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम लहान, आणि १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये. आम्ही जो उपाय केला त्याने चालू महिना सुटला आणि हा प्रश्न उलट घट्ट झाला. घरभाड्याच्या दहा टक्क्यांइतकी रक्कम दरमहा पाळकाच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकावी, असं मी सुचवलं आहे. खजिनदारांचं म्हणणं, आधी बंगलीचे २८ लाख उभे राहू देत. ते काम सध्या पायापर्यंत आलं आहे, आणि साहेबांची बदली २०२७ मध्ये अपेक्षित आहे. दुरुस्त बंगलीत पहिल्यांदा राहायला जाईल तो पुढचा पाळक.